उष्टावणानंतर मूल सोपवायचे कुणाकडे?

महाराष्ट्रातल्या कुपोषणाची चर्चा दर पावसाळ्यात मेळघाटातून सुरू होते आणि दिवाळीच्या आत विरून जाते. बालमृत्यूंच्या बातम्या, न्यायालयाचे ताशेरे, मंत्र्यांचा दौरा हा तिचा क्रमही ठरलेला. आकड्यांना ऋतुमानाशी देणेघेणे नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत राज्यातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली होती; २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ३५.२ टक्के निघाले. मधल्या काळात योजना वाढल्या, ॲप आले, पोषण पंधरवडे साजरे झाले. तरी गाडी जागची हलली नाही, याचे एक मोठे कारण म्हणजे आपण सहा महिने ते दोन वर्षे या वयाला वाऱ्यावर सोडले आहे. सहा महिन्यांनंतर नुसते अंगावरचे दूध पुरत नाही. बाळाचे पोट मात्र एवढेसे, त्यामुळे त्याला थोडे थोडे, घट्टसर आणि पुन्हा पुन्हा भरवावे लागते. नऊ महिन्यांपुढे दिवसातून तीन-चार वेळा जेवण, शिवाय मधला खाऊ, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पातळ पेज किंवा वरणाचे पाणी पोट भरते, पण त्याने मूल वाढत नाही. देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळतो तो शंभरात अकराएक जणांना. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत खुंटलेली उंची पुढे क्वचितच भरून निघते.

आता सरकार या वयाला काय देते ते पाहा. तीन वर्षांचे झाल्यावर मूल अंगणवाडीत जाते आणि त्याला गरम खिचडी, उसळ मिळते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या वाट्याला येते टीएचआरचे पाकीट, म्हणजे घरी न्यायचा शिधा. नुकसान ज्या वयात होते त्या वयात पाकीट, आणि ते होऊन गेल्यावर शिजवलेले अन्न, असा हा उफराटा कारभार आहे. २०१७ मध्ये या आहारासाठी माणशी दिवसाला ८ रुपये ठरले. त्यात काय बसते हे गृहिणींना सांगायला नको. पाकीट घरी गेले की त्याची सगळ्या भावंडांत वाटणी होते. पुरवठ्याची कथा तर वेगळीच. या कामात कंत्राटदार नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावले होते, आणि तरीही २०१९ मध्ये त्याच न्यायालयाला महाराष्ट्राची निविदा रद्द करावी लागली. पण समजा पाकीट उत्तम निघाले, तरी प्रश्न उरतोच. ते शिजवून दिवसातून चार वेळा भरवणार कोण?

बीडहून कारखान्यावर गेलेल्या ऊसतोड जोडप्याला हा प्रश्न विचारून बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, म्हणून दोघेही पहाटेच फडात. वर्षाचे मूल फडाच्या कडेला, नाहीतर कोपीत सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात. त्याला दुपारी भरवायचे तर तोड थांबते, आणि तोड थांबली की टनावरची मजुरी बुडते. वीटभट्टीवर, शहरातल्या बांधकामावर, परक्या घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या खोलीत, थोड्याफार फरकाने हेच. इथे आईचे अज्ञान शोधत बसण्यात अर्थ नाही. तिच्याकडे वेळ नाही. म्हणूनच या वयासाठी आई जिथे राबते तिथून हाकेच्या अंतरावर पाळणाघर हवे, आणि त्यात दोन-तीन वेळचे गरम, मऊ अन्न व ते मायेने भरवणारी बाई हवी.

हे दिवास्वप्न नाही. छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने गावोगाव ‘फुलवारी’ नावाची पाळणाघरे चालवली आणि पुढे त्या राज्याच्या सरकारनेही ती कल्पना उचलली. झारखंड-ओडिशातल्या आदिवासी पाड्यांत पाळणाघरे, महिलांच्या बैठका आणि गृहभेटी एकत्र राबवल्या, तेव्हा मुलांमधला खुजेपणा आणि कमी वजन दोन्ही घटल्याचे अभ्यासातून दिसले. आपल्याकडेही अमृत आहार योजनेतून २०१५ पासून आदिवासी भागातल्या गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत ताजे जेवण मिळते, पुढे सात महिन्यांपासूनच्या मुलांना अंडे किंवा केळेही मिळू लागले. करायचे ठरवले तर यंत्रणा करते.

यावर पहिला आक्षेप असा की आयांना शिकवले की पुरे. समुपदेशनाला कमी लेखण्याचे कारण नाही. राजमाता जिजाऊ अभियानाने २००५ पासून नेमके याच वयाकडे लक्ष वळवले, आणि राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा २००५-०६ मधल्या ३९ टक्क्यांवरून २०१२ च्या पाहणीत २३ टक्क्यांवर आल्याचे दिसले. हे यश मोठेच. पण आशाताईने सांगितलेला सल्ला पाळायला दिवसा कुणीतरी मुलाजवळ असावे लागते, आणि स्थलांतरित कुटुंबात आजी गावीच राहिलेली असते. दुसरा आक्षेप रोख रकमेचा: पैसे द्या, आई घरी थांबेल. जरूर द्या. मात्र मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्याला मिळणारे ५,००० रुपये एका हंगामाच्या मजुरीपुढे किती, याचा हिशेब आधी मांडा. तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. पाळणाघर पाकिटापेक्षा महागच पडणार, कारण त्यात माणसांचे पगार आहेत. अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर आणखी एक काम टाकून ते स्वस्तात उरकू पाहाल तर फसाल. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत १७,००० अंगणवाडी-पाळणाघरांचे उद्दिष्ट आहे. देशाच्या आकारमानाने ते तुटपुंजे असले, तरी आपल्या वाट्याची पाळणाघरे आधी कुठे उघडायची हे राज्याला ठरवता येते.

सुरुवात ऊसतोडीच्या तळांपासून करावी. कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढीच भर सरकारची, अशी गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची निधीची व्यवस्था आहे. शाळकरी मुलांसाठी वसतिगृहांची योजनाही आली. वर्षाच्या मुलाला वसतिगृहाचा काय उपयोग? साखर आयुक्तांनी गाळप परवाना देताना प्रत्येक मोठ्या तळावर चालते पाळणाघर असल्याची अट घालावी आणि हंगामात ती दोनदा तपासावी.