श्रमदान कुणी करायचे?

आमच्या वस्तीच्या मैदानात दोनदा गवत लावले गेले, दोनदा मेले. आता साहेब म्हणतात, “तुमच्या पोरांना मैदान राखता येत नाही.”

मैदान राखणे आम्हाला कुणी शिकवू नये! पालवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर रोलर फिरवत, खेळपट्टी आखत. पुढे हिंदूंच्या संघाला त्यांची गोलंदाजी चालली, पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. याच बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले.

मग आमचे गवत मेले कसे? उद्घाटनाची तारीख ठरली म्हणून ठेकेदाराने भर मे महिन्यात कडक मुरमावर लॉनच्या गाद्या अंथरल्या. खाली माती नाही, जवळ नळ नाही. फीत कापली, फोटो निघाले, आठ दिवसांत सगळे पिवळे.

खेळाच्या मैदानाला आपली साधी हरळी पुरते. शेतकरी जिला कंटाळतो तीच. पण तिचीही रीत आहे. उन्हाळ्यात जमीन नांगरून दगड वेचायचे, मध्ये किंचित उंचवटा ठेवून कडेने चर काढायचे, पोयटा, वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळायचे. जूनचा पाऊस धरला की मुळ्यांसकट काड्या वीतभर अंतराने लावायच्या. पुढचे दोन महिने त्यावर पाय नाही. म्हणून आम्ही म्हणतो, यंदा अर्धे मैदान करा, पुढच्या वर्षी अर्धे. पोरांनी खेळायचे कुठे?

खरे काम त्यानंतरचे. कापताना एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच घ्यायचा, जास्त नाही. गोलपोस्टसमोर गवत उडते, तेव्हा पोस्ट सरकवायचे. तुडवून घट्ट झालेली जमीन टोचून वाळू भरायची. उन्हाळाभर पाणी. आणि मंडपाचे खांब मैदानात रोवू द्यायचे नाहीत, मग मंडप कुणाचाही असो. आमच्या जयंतीचासुद्धा!

हे बाराही महिन्यांचे काम आहे. त्यावर साहेबांचे उत्तर : “तरुणांनी श्रमदान करावे.” शहरातल्या जिमखान्याचे हिरवळ राखणारे श्रमदान करतात काय? बाळूंना निदान चार रुपये तरी मिळत होते.

आमचे निवेदन दिलेले आहे : नळजोडणी, गवत कापण्याचे यंत्र, देखभालीसाठी दरवर्षी वेगळी तरतूद आणि पूर्ण वेतनावर एक कायम माळी. नांगरट मेअखेर व्हायला हवी. पोच घेतलेली प्रत आमच्याकडे आहे.