वचन वेष्टनाचं, भाव बाटलीला

पाण्याची रिकामी बाटली, दुधाची पिशवी कचरावेचक बाई आवर्जून उचलते, कारण भंगारवाला त्यांचे पैसे देतो. बिस्किटाच्या पुड्याचं चकचकीत वेष्टन, शाम्पूची पुडी मात्र ती तिथेच सोडते. त्या वेष्टनात प्लॅस्टिकचे थर, अनेकदा ॲल्युमिनियमचा पापुद्राही, एकमेकांना घट्ट चिकटवलेले असतात. ते थर सुटे करून पुन्हा वापरणं कुणालाच परवडत नाही. रीसायकलिंगबद्दल कंपन्यांनी दिलेला शब्द खरा किती, हे तपासायचं तर याच वेष्टनाकडे बघावं.

२०१६च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी रीसायकल न होणारी बहुस्तरीय वेष्टनं दोन वर्षांत बंद करायला सांगितलं होतं. मुदत संपायच्या सुमारास, मार्च २०१८मध्ये, नियमच बदलला. जी जाळून ऊर्जा मिळते किंवा ज्यांचा दुसरा काही उपयोग होतो, अशा वेष्टनांना सूट मिळाली. आता जळत नाही असं वेष्टन आणायचं कुठून? सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून गेलेल्या प्लॅस्टिकचं पुन्हा वेष्टन होत नाही. तरीही बंदी टळली आणि उत्पादन चालू राहिलं. मला हे सरळसरळ शब्द फिरवणं वाटतं, आणि त्यात सरकारही तितकंच जबाबदार आहे.

२०२२मध्ये उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची नवी चौकट आली. बाजारात आणलेल्या प्लॅस्टिकची जबाबदारी कंपनीची, पण रीसायकल करणाऱ्या कारखान्याकडून प्रमाणपत्रं विकत घेऊनही ती पार पाडता येते. पुढच्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मोजक्या कारखान्यांनी दिलेली सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रं सापडली. कागदावर रीसायकल झालेला तो माल प्रत्यक्षात गेला कुठे?

देशाबाहेरही हेच चाललं आहे. विकलेल्या प्रत्येक बाटली-कॅनमागे एक परत गोळा करू, तेही २०३०पर्यंत, असं कोका-कोलाने २०१८मध्ये जाहीर केलं होतं. डिसेंबर २०२४मध्ये ते उद्दिष्ट ७० ते ७५ टक्क्यांवर आलं आणि मुदत गेली २०३५वर. स्वतःहून दिलेला शब्द मोडला म्हणून दंड भरावा लागत नाही.

‘भारतात बाटल्यांचं रीसायकलिंग उत्तम होतं,’ असं उद्योगाची बाजू मांडणारे सांगतात. ते खरं आहे. पण त्याचं श्रेय बाटलीला मिळणाऱ्या भावाचं आणि उन्हातान्हात ती वेचणाऱ्या बाईचं आहे. म्हणून माझी मागणी साधी आहे. वेष्टनालाही बाटलीसारखा किलोमागे भाव कंपनीने भंगाराच्या दुकानापर्यंत पोचवावा, आणि वजनकाट्याची पावती जोडल्याशिवाय एकही प्रमाणपत्र ग्राह्य धरू नये. ज्यांना हे परवडत नाही, त्यांच्यासाठी २०१६चा मूळ नियम परत आणावा.