गुडघा सांभाळा, खेळ सोडू नका!



मीरा रोडला पूर्वेकडे पूनम सागर नावाची मोठी वसाहत आहे. अशा दाट वस्तीत, दोन इमारतींमधल्या फरसबंद जागेत संध्याकाळी मुली खो-खोचा किंवा कबड्डीचा सराव करताना दिसल्या, तर पाच मिनिटे थांबा. गुण मोजू नका. पळता पळता एखादी मुलगी एकदम वळते तेव्हा तिचे पाऊल कसे पडते आणि गुडघा कोणत्या बाजूला झुकतो, एवढेच पाहा. आज मला त्या गुडघ्याविषयी बोलायचे आहे. आणि त्यासाठी तुम्हांला थोडे दूर, युरोपातील मुलींच्या हँडबॉलच्या मैदानावर न्यायचे आहे.

हँडबॉल म्हणजे हाताने खेळायचा, गोल करण्याचा खेळ. मैदान ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू. धावणे, एकदम थांबणे, हुलकावणी देणे, उडी मारून चेंडू फेकणे, हे साठ मिनिटे चालते. युरोपातील महिला क्लबांची सर्वोच्च स्पर्धा १९६०-६१ पासून भरते. तिचा मोसम सप्टेंबरच्या सुमारास सुरू होऊन जूनच्या आसपास संपतो. २०२४-२५ च्या मोसमात हंगेरीतील ग्यौर शहराच्या संघाने डेन्मार्कच्या ओडेन्स संघाला हरवून विजेतेपद मिळवले. तो सामना बुडापेस्टला ज्या सभागृहात झाला, त्यात सुमारे वीस हजार माणसे बसतात!

आता आपल्याकडे पाहू. २०१६ च्या जून-जुलै महिन्यांत 'विमेन्स कबड्डी चॅलेंज' नावाची महिलांची व्यावसायिक स्पर्धा झाली. संघ अवघे तीन. त्यांतील 'आइस दिवाज'ची कर्णधार होती मुंबईची अभिलाषा म्हात्रे, जिला २०१५ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला होता. हैदराबादच्या अंतिम सामन्यात 'स्टॉर्म क्वीन्स'ने 'फायर बर्ड्स'ला २४-२३ असे, म्हणजे एका गुणाने हरवले. याहून चुरशीचा सामना कोणता? पण ती स्पर्धा त्या एका मोसमातच आटोपली. पुरुषांची प्रो कबड्डी मात्र २०१४ पासून चालत आली आहे.

यावर कोणी म्हणेल, "आपल्याकडे पैसा नाही, सभागृहे नाहीत, मग मुलींचे खेळ कसे वाढणार?" पैशाची अडचण खरी आहे. पण युरोपातील मुलींच्या हँडबॉलकडून घेण्यासारखी एक गोष्ट अशी आहे, की तिला पैसा जवळजवळ लागतच नाही. ती आपण अजून का घेतली नाही, हा माझा प्रश्न आहे.

गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना बांधून ठेवणारे दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. त्यांतील पुढच्या बंधाला खेळाडू 'एसीएल' या आद्याक्षरांनी ओळखतात. हा बंध तुटला की बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते आणि मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष लागते. कित्येक मुली परततच नाहीत. नवल असे, की हा बंध पुष्कळदा कोणाचाही धक्का न लागता तुटतो. पाय जवळजवळ सरळ ठेवून खेळाडू उडीवरून उतरते किंवा गर्रकन वळते, गुडघा आतल्या बाजूला कोसळतो, आणि सगळा भार त्या बंधावर येतो. सारखाच खेळ खेळणाऱ्या मुलांपेक्षा मुलींत ही दुखापत अधिक आढळते.

हँडबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींना अशा दुखापती झाल्या त्या क्षणांची चित्रफीत संशोधकांनी बारकाईने तपासली. पाऊल जमिनीला टेकल्यापासून सुमारे ४० सहस्रांश सेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागात, बंध तुटत असावा असे त्यांना दिसले. हा काळ किती लहान आहे ते घरी करून पाहा. मित्राला पट्टी उभी धरायला सांगा. तुमची बोटे तिच्या खालच्या टोकाशी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की ती पकडा. बहुधा ती २० सेंटिमीटरच्या आसपास घसरलेली असेल, म्हणजे तुम्हांला सेकंदाचा पाचवा भाग लागला. ४० सहस्रांश सेकंदांत पट्टी एक सेंटिमीटरसुद्धा पडत नाही!

याचा अर्थ काय? गुडघा वाकडा जातो आहे हे मेंदूला कळून त्याने स्नायूंना हुकूम देईपर्यंत सारे आटोपलेले असते. म्हणून "सांभाळून खेळ ग" या सूचनेचा उपयोग नाही. नीट उतरण्याची सवय स्नायूंना आधीच लावलेली असली पाहिजे.

नॉर्वेतील संशोधकांनी नेमके हेच केले. महिला हँडबॉलच्या वरच्या तीन श्रेणींत १९९८-९९ च्या मोसमात या बंधाच्या २९ दुखापती झाल्या. पुढच्या मोसमात संघांना तोल साधण्याचे आणि नीट उतरण्याचे व्यायाम दिले, तेव्हा २३ झाल्या. त्यापुढच्या मोसमात १७. व्यायामाचा विजय झाला म्हणायचा का? थांबा! कदाचित त्या वर्षी सामने कमी झाले असतील, खेळाडू कमी असतील, किंवा नुसता योगायोग असेल. चांगला वैज्ञानिक स्वतःच्या यशावरही शंका घेतो.

म्हणून पुढे एक काटेकोर चाचणी झाली. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. पंधरा ते सतरा वर्षांचे, म्हणजे तुमच्याच वयाच्या आसपासचे १,८३७ खेळाडू. त्यांत बहुसंख्य मुली. क्लब १२०. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. ६१ क्लबांनी सरावाआधी १५ ते २० मिनिटे ठरावीक व्यायाम करायचे, ५९ क्लबांनी नेहमीप्रमाणे खेळायचे. आठ महिन्यांच्या एका मोसमात नेहमीप्रमाणे खेळणाऱ्यांत गुडघ्याच्या व घोट्याच्या ८१ ताज्या दुखापती झाल्या. व्यायाम करणाऱ्यांत ४८. खेळाच्या तासांचा हिशेब केला तर प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. दोन्ही गट एकाच वर्षी खेळले, त्यामुळे "ते वर्षच चांगले होते" असे कोणाला म्हणता येत नाही.

व्यायाम तरी कोणते? दिशा बदलत धावणे. उडी मारून दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून अलगद उतरणे, गुडघा पावलाच्या रेषेत ठेवणे. डुगडुगत्या फळीवर किंवा मऊ चटईवर एका पायावर उभे राहून चेंडू झेलणे. बैठका आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम. सुरुवातीचे सलग पंधरा सराव आणि नंतर आठवड्यातून एकदा. आपल्या शाळेत फळी नसेल तर घडी घातलेली सतरंजी चालेल.

काही पालक या माहितीतून उलटाच निष्कर्ष काढतील: "मुलींचे गुडघे नाजूक, तेव्हा त्यांनी खेळूच नये." हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. चाचणीने दाखवले ते असे, की दुखापत मुलीच्या नशिबी लिहिलेली नसते. पंधरा-वीस मिनिटांच्या शिस्तीने ती बऱ्याच अंशी टळते. न शिकवता मुलीला मैदानात उतरवायचे आणि पडल्यावर घरी बसवायचे, हा अन्याय आहे. आणि आपल्या मुली पुष्कळदा लाकडी किंवा मऊ जमिनीवर नव्हे, तर फरशीवर आणि टणक मातीवर खेळतात.

शिक्षकांना माझी विनंती आहे. हँडबॉलच्या मैदानाला ८०० चौरस मीटर जागा लागते. पूनम सागरसारख्या वस्तीत ती कुठून आणायची? पण या व्यायामांना वर्गाएवढी जागा पुरते. खेळाचा तास लहान असतो हे मान्य. तरी आठवड्यातील एका तासाची पहिली पंधरा मिनिटे यांना द्यावीत, मुलांना आणि मुलींना सारखीच. मात्र नेम सोडू नये. नॉर्वेतही संशोधन संपून व्यायामाचा उत्साह ओसरला, तेव्हा दुखापती पुन्हा वाढल्या होत्या.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही एक वही घाला. कोणत्या दिवशी किती मुली खेळल्या, किती वेळ, कोणाला काय लागले, त्याआधी व्यायाम केला होता की नाही, हे लिहीत जा. एका शाळेच्या वहीने मोठा सिद्धांत सिद्ध होणार नाही. पण आपल्या मैदानावर काय घडते ते तरी कळेल. ज्यांचा गुडघा दुखतो किंवा सुजतो त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे, मग उड्या माराव्यात.

वीस हजार प्रेक्षकांचे सभागृह आपल्याला जेव्हा मिळेल तेव्हा मिळेल. पंधरा मिनिटे मात्र उद्याच्या तासालाही मिळतील.