चिप स्वदेशी असेलही. तिच्यावरची प्रणाली पुन्हा कोण बांधणार?

डिसेंबर २०२५ मध्ये सी-डॅकच्या ध्रुव६४ या प्रोसेसरची घोषणा झाली आणि राष्ट्रीय विज्ञानवृत्तांत दोन आकडे सर्वत्र फिरले: एक गिगाहर्ट्झ आणि ६४ बिट. २०१८ मध्ये आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’वर लिनक्स सुरू झाले, तेव्हाही असाच जल्लोष झाला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये ओडिशातील झारसुगुडा येथे स्वदेशी ४जी जाळ्याचे लोकार्पण झाले, तेव्हा सत्त्याण्णव हजारांहून अधिक मनोऱ्यांचा आकडा मथळ्यांत झळकला. ही कामे खरी आहेत, कष्टाची आहेत आणि त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती या वृत्तांच्या विरामचिन्हाविषयी. ‘लिनक्स सुरू झाले’ असे म्हणून बातमी पूर्णविराम देते, आणि विचारण्यासारखा प्रश्न तर त्या पूर्णविरामानंतर येतो. ते लिनक्स कोणी बांधले, कोणत्या साधनाने, कोणत्या नोंदीवरून? तो अभियंता उद्या नोकरी सोडून गेला, तर दुसऱ्या कोणास ते जसेच्या तसे पुन्हा बांधता येईल काय?

प्रश्न क्षुल्लक वाटत असेल, तर चिपला वीज दिल्यावर काय घडते ते पाहावे. त्या क्षणी प्रोसेसरला एका ठरलेल्या पत्त्यावरची सूचना वाचायची एवढेच ठाऊक असते. तेथील छोटासा कायमस्वरूपी प्रोग्राम बूटलोडर उचलतो. बूटलोडर, बहुधा यू-बूट, स्मृतीची घडी बसवून कर्नल आणि हार्डवेअरचे वर्णन करणारे डिव्हाइस ट्री आत आणतो. कर्नल गरजेप्रमाणे इनिटरॅमएफएस ही तात्पुरती फाइलव्यवस्था उलगडतो, आवश्यक ते ड्रायव्हर भरतो, खऱ्या रूट फाइलसिस्टिमवर जातो आणि तेथला ‘इनिट’ हा पहिला प्रोग्राम सुरू करतो. ग्रंथालये, सेवा, पासवर्डांची फाइल, नेटवर्कची मांडणी हे सारे त्या रूट फाइलसिस्टिममध्ये असते. यांतली एकही कडी चिपबरोबर आपोआप येत नाही. ती दुसऱ्या संगणकावर, क्रॉस-कंपायलर वापरून, शेकडो पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या नेमक्या क्रमाने जुळवून बांधावी लागते. हे काम करणारी साधने जगात मोजकीच आहेत. त्यांतली दोन ठळक: २००१ पासून चालत आलेले बिल्डरूट, आणि २०१० मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सुरू झालेला यॉक्टो प्रकल्प.

प्रयोगशाळांत आणि महाविद्यालयांत मात्र बहुतेकदा यांपैकी काहीच वापरले जात नाही. बोर्ड विकत आणला जातो, विक्रेत्याची तयार इमेज उतरवून एसडी कार्डावर चढवली जाते, आणि मग कोणीतरी हाताने त्यात फेरफार करत जातो: येथे एक पॅकेज घातले, तेथे एक फाइल बदलली, एक सेवा बंद केली. यंत्र चालू लागले की त्या कार्डाची नक्कल काढून ठेवली जाते आणि तिलाच ‘अंतिम’ असे नाव मिळते. थोड्याच दिवसांत ‘अंतिम-२’ येते. पुढे बोर्डाची नवी आवृत्ती बाजारात येते, जुने कर्नल तिच्यावर चालत नाही, आणि ज्या विद्यार्थ्याने ते फेरफार केले तो पीएच.डी. आटोपून परदेशी गेलेला असतो. त्या यंत्राने घेतलेल्या मोजमापांवर शोधनिबंध छापलेले असतात. निबंधात लेझरची तरंगलांबी असते, शोधकाचे तापमान असते, त्रुटींचे अंदाज असतात; पण विदा ज्या प्रणालीतून वाहत आली, ती पुन्हा उभी करण्याची कृती कोठेही नसते. प्रयोग पुन्हा करता आला पाहिजे, ही विज्ञानाची पहिली अट. ती येथे गुपचूप मोडली जाते आणि परीक्षकांच्या ते ध्यानातही येत नाही.

वस्तू हाती असणे आणि वस्तू घडवण्याची कृती हाती असणे, यांतला फरक जबलपूरला कोणी शिकवण्याची गरज नाही. तेथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. १९८६ मध्ये भारताने बोफोर्सकडून ४१० तोफा घेतल्या, त्या करारात तंत्रज्ञान-हस्तांतरणाचा भाग होता आणि रेखाचित्रे, कागदपत्रे भारतात आली. पुढे त्या व्यवहाराचे राजकारण इतके पेटले की ती कागदपत्रे वर्षानुवर्षे पडून राहिली. पण ती होती. म्हणूनच अनेक वर्षांनी त्यांच्या आधारे, नळीची लांबी ३९ वरून ४५ कॅलिबरपर्यंत वाढवून, ‘धनुष’ तोफ घडवता आली आणि ८ एप्रिल २०१९ रोजी पहिल्या सहा तोफा जबलपुरात सैन्याच्या स्वाधीन झाल्या. नुसत्या ४१० तोफा आल्या असत्या आणि कागद आले नसते, तर त्या झिजल्यावर नव्याने बाजारात जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. रूट फाइलसिस्टिमची इमेज म्हणजे ती तयार तोफ. बिल्डरूटची कॉन्फिगरेशन फाइल, सोबतचे पॅचेस आणि प्रत्येक स्रोताचा हॅश म्हणजे रेखाचित्र. फरक इतकाच की हे रेखाचित्र काही किलोबाइटांत मावते. ते जपून ठेवायला कपाटही लागत नाही, तरी ते जपले जात नाही.

याच शहरात १९४२ पासून दूरसंचाराचे प्रशिक्षण केंद्र आहे, १९४७ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि डुमना परिसरात २००५ मध्ये स्थापन झालेली आयआयआयटीडीएम ही संस्था आहे. तिच्या नावातच रचना आणि उत्पादन हे दोन शब्द आहेत. तोफांचा कारखाना, दूरसंचार आणि संगणकशास्त्र इतके जवळजवळ नांदणारी शहरे देशात थोडी. स्वदेशी प्रोसेसरवर चालणारी प्रणाली पहिल्या सूचनेपासून अखेरच्या फाइलीपर्यंत बांधू शकणारी पिढी अशा ठिकाणी घडायला हवी. आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय असतोच. त्यात पेजिंग आणि शेड्युलिंगची गणिते सुटतात, पण रिकाम्या डिरेक्टरीतून बूट होणारी प्रणाली उभी करण्याचा प्रसंग बहुतेकांवर पदवी मिळेपर्यंत येत नाही.

साधन तयारच आहे, मग सुधारायचे काय, असा प्रश्न येथे येईल. बरेच काही सुधारायचे आहे, आणि तेही दडवलेले नाही. बिल्डरूटचे बळ त्याच्या साधेपणात आहे: मेक आणि केकॉन्फिग या दोन जुन्या साधनांवर ते उभे आहे, वर्षातून चारदा नवी आवृत्ती येते, अडीच हजारांहून अधिक पॅकेजे त्यात आहेत. पण कॉन्फिगरेशनमध्ये बदल झाला की नेमके काय पुन्हा बांधावे लागेल, याचा हिशेब ते ठेवत नाही. एखादे पॅकेज यादीतून काढले, तरी त्याच्या फाइली आधीच बांधलेल्या प्रणालीत तशाच राहतात. सर्व पुसून पहिल्यापासून बांधावे, असे त्याची पुस्तिकाच सांगते. म्हणजे घाईत काम करणाऱ्याच्या हाती अशी इमेज येऊ शकते की जिच्यात आहे ते यादीत नाही. बांधणी पुन्हा तंतोतंत तशीच व्हावी यासाठी एक पर्याय दिलेला आहे, पण त्यावर अजून ‘प्रायोगिक’ असा शिक्का आहे. बांधणीची वेळ, डिरेक्टरीचा मार्ग, फाइलींचा क्रम अशा फुटकळ गोष्टी अंतिम बाइटांत झिरपतात आणि एकाच स्रोतापासून बांधलेल्या दोन इमेजी वेगळ्या निघतात. मग कोणत्या फरकामागे केवळ घड्याळ आहे आणि कोणत्या फरकामागे कोणाचा हात आहे, हे ओळखायचे कसे?

यॉक्टो हा हिशेब ठेवतो. प्रत्येक कामाची सही तो जपतो आणि बदललेले तेवढेच बांधतो. पण त्यासाठी शंभर गिगाबाइटांच्या आसपास मोकळी जागा आणि भरपूर स्मृती लागते. वसतिगृहात जुन्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तो परवडत नाही. म्हणून लहान साधन अधिक भरवशाचे होणे ही आपली, विशेषतः आपल्या महाविद्यालयांची गरज आहे. जर्मनीतल्या किंवा अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीला तिची तेवढी निकड नाही. आपली गरज आपण भागवली नाही, तर ती दुसरा का भागवील?

आणि दार उघडे आहे. बिल्डरूटची स्वयंचलित यंत्रणा यादृच्छिक कॉन्फिगरेशन निवडून रात्रंदिवस बांधणी करत असते, आणि जी बांधणी मोडते तिची नोंद जगापुढे मांडते. तीच इमेज दोनदा बांधून ताडून पाहण्याची सोय तिच्यात २०१९ मध्ये एका विद्यार्थ्याने पाठवलेल्या पॅचेसमधून आली. मोडलेल्या बांधण्यांची ती यादी म्हणजे शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची न संपणारी खाण आहे. त्याऐवजी पुन्हा पुन्हा तेच घरगुती स्वयंचलन आणि तोच हजेरीपट सादर होतो.

बांधणीचे साधन ही दुय्यम बाब नव्हे, याचा पुरावा मार्च २०२४ मध्ये मिळाला. एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या प्रकल्पाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच प्रवेशाला अर्धा सेकंद उशीर का लागतो, असा संशय आला, म्हणून जग वाचले. घातक तुकडा चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता, आणि त्याला जागे करणारी ओळ प्रकल्पाच्या उघड गिट-भांडारात नव्हतीच. ती फक्त वितरणासाठी बांधलेल्या संचिकेतल्या बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये होती. स्रोत वाचणाऱ्यांना ती दिसली नसती. केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात कंपायलरविषयी दिलेला इशारा चाळीस वर्षांनी बांधणीच्या पायरीवर खरा ठरला. हॅश जुळला म्हणजे उतरवलेली फाइल नोंदवलेलीच आहे एवढेच सिद्ध होते. ती निर्दोष आहे हे सिद्ध होत नाही, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण ज्याच्याकडे नोंदच नाही, त्याला अशा दिवशी आपल्या कोणत्या यंत्रात कोणती आवृत्ती आहे एवढेसुद्धा सांगता येत नाही.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला गोपनीयतेचा. संरक्षण किंवा दूरसंचाराची प्रणाली कशी बांधली हे उघड करणे धोक्याचे, असे म्हटले जाते. गुप्त ठेवायच्या त्या किल्ल्या आणि खास प्रोग्राम. बूटलोडर, कर्नल आणि पायाभूत पॅकेजे यांची कृती गुप्त ठेवून काय मिळते? शिवाय लिनक्स कर्नलचा परवाना, म्हणजे जीपीएलची दुसरी आवृत्ती, संकलन आणि स्थापना नियंत्रित करणाऱ्या स्क्रिप्टही स्रोताचाच भाग मानते. इमेज ज्याच्या हाती दिली, त्याला त्या मागण्याचा हक्क आहे. जेथे खरोखर गुप्तता हवी, तेथे निदान संस्थेच्या आत तरी ती कृती दुसऱ्याच चमूने दुसऱ्या संगणकावर चालवून पाहावी. गोपनीयतेच्या पडद्यामागे बहुधा गुपित नसते, नुसती अव्यवस्था असते.

दुसरा आक्षेप अधिक मोहक: परक्यांच्या साधनाला कशाला हात लावायचा, आपलेच स्वदेशी साधन बनवू. असे साधन बनेल, उद्घाटन होईल, छायाचित्रे छापून येतील, आणि अनुदान संपताच त्याची शेवटची नोंद गोठेल. अडीच हजार पॅकेजांच्या आवृत्त्या आणि सुरक्षादोष दररोज सांभाळणे हे उद्घाटनाने होणारे काम नव्हे. सी-डॅकच्या बॉसची पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली, ती डेबियनच्या पायावर. त्यात कमीपणा काहीच नव्हता, शहाणपण होते. हेच शहाणपण आणखी एक पायरी पुढे न्यावे लागते. पायातली भेग दिसली, तर ती आपल्यापुरती लिंपून न थांबता मूळ प्रकल्पाकडे दुरुस्ती पाठवावी लागते. खासगी प्रत काढून घरातल्या घरात दुरुस्त केलेले साधन वर्षभरात मूळ प्रवाहापासून इतके दूर जाते की पुढे ते जुळवणे नवे बांधण्याहून अवघड होते.

दुरुस्ती पाठवणाऱ्याला त्याबद्दल काय मिळते, हा खरा अडथळा आहे. शोधनिबंधाला गुण आहेत, पेटंटला गुण आहेत. मूळ प्रकल्पाने तपासून, तीनदा परत पाठवून अखेर स्वीकारलेल्या पॅचला आपल्या मूल्यमापनात रकानाच नाही. वास्तविक अनेक नियतकालिकांच्या परीक्षणाहून ती तपासणी कडक असते, आणि ती सर्वांदेखत होते. केंद्र शासनाने २०१५ मध्येच मुक्त स्रोताच्या वापराचे धोरण जाहीर केले आहे. ‘चिप्स टू स्टार्टअप’ कार्यक्रमात २५० कोटी रुपये खर्चून ८५,००० अभियंते घडवण्याचे लक्ष्य आहे. त्यांतल्या शंभरांनी जरी चिपचा आराखडा न करता तिच्यावरच्या प्रणालीची बांधणी हाच आपला विषय मानला आणि त्यांना त्यासाठी बढती, शिष्यवृत्ती, निदान एक श्रेयांक मिळाला, तरी चित्र पालटेल.

पुढची घोषणा होईल तेव्हा विज्ञानवार्ताहरांनी गिगाहर्ट्झचा आकडा अवश्य लिहावा. त्यानंतर आणखी चार गोष्टी विचाराव्यात: कॉन्फिगरेशनची फाइल कोठे ठेवली आहे, कर्नलवर किती पॅचेस आहेत, त्यांतले किती मूळ प्रवाहात गेले, आणि ही इमेज मूळ चमूबाहेरच्या कोणी शेवटची कधी बांधून पाहिली. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तारखेत मिळाले पाहिजे.