विश्लेषण : कोंबडीत सुसाट, माणसात अडखळतो, बर्ड फ्लूच्या विषाणूचे असे का?

मोलगीच्या आसपासच्या पाड्यांवर कोंबडी म्हणजे अडीनडीचा पैसा. दवाखाना निघाला, पाहुणा आला की आधी तिच्याकडेच हात जातो. याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये, फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू सापडला. २०२१ मध्ये तो नवापुरात परत आला. लाखो पक्षी मारून पुरावे लागले. २००६ मध्ये माणसांचेही नमुने पुण्याच्या एनआयव्हीत गेले. लागण झालेला एकही जण निघाला नाही.

कोंबड्या पटापट मरतात आणि त्यांना हाताळणारा वाचतो, हे कसे? एक कारण पेशीच्या दारातच आहे. पक्ष्यांच्या पेशीवरील ज्या साखरेला हा विषाणू चिकटतो, ती माणसाच्या नाकाघशात फारशी नसते. दुसरे कारण आत, विषाणूच्या प्रथिनांच्या घडणीत आहे.

टोपीचोर यंत्र

पेशीतील प्रत्येक संदेशाच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते. विषाणू ती चोरतो. त्याचे पीबी२ प्रथिन टोपी धरते, पीए ती कापते आणि पीबी१ तिच्यापुढे विषाणूचा मजकूर लिहिते. या तिघांची एकत्रित रचना ग्रेनोबलच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये उलगडली. पीएची ही कात्रीच बोथट करणारे बॅलोक्सावीर हे औषध जपानमध्ये २०१८ पासून वापरात आहे.

या यंत्राला पेशीतील एएनपी३२ए नावाचा मदतनीस लागतो. पक्ष्यांमध्ये त्याला ३३ अमिनो आम्लांचा जादा तुकडा असतो, माणसात नसतो. म्हणून यंत्र इथे अडखळते. पण पीबी२च्या ६२७व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आले, की ते माणसातही चालू लागते. एवढासा बदल! वर्तमानपत्रात चुका पकडायला मुद्रितशोधक असतो; या यंत्रात तो नाही. त्यामुळे जितक्या प्रती, तितक्या चुका, आणि त्यातली एखादी विषाणूच्या पथ्यावर पडते.

दरम्यान एनएस१ हे प्रथिन विषाणूच्या आरएनएला झाकून पेशीची धोक्याची घंटा दाबून ठेवते. इंटरफेरॉन उशिरा सुटते, शरीराला जाग उशिरा येते.

माणूस अगदीच सुरक्षित आहे असे नाही. २०२१ मध्ये हरियाणातील एक मुलगा एच५एन१ने दिल्लीच्या एम्समध्ये दगावला.

भरपाईचा पेच

साथ जाहीर झाल्यावर सरकारने मारलेल्या पक्ष्याची भरपाई मिळते, आधीच मेलेल्याची नाही. चार कोंबड्या मेल्या की उरलेल्या सहा गुपचूप विकाव्यात किंवा कापून खाव्यात, हा हिशेब गरिबाला चुकीचा कसा वाटेल? पण आजारी पक्षी हाताळताना, कापताना विषाणूला माणसात शिरायची संधी मिळते. पाड्यावरच्या कोंबडीची भरपाई रोख आणि चटकन मिळाली, आणि हे भिलीत, पावरीत आधीच सांगितले गेले, तर पहिली कोंबडी मेल्याबरोबर पशुवैद्यकीय दवाखान्यात निरोप जाईल. आज तो निरोप पाठवणे तोट्याचे वाटते.