गोमाशीचे बारसे

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने गोमाशीवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु नाव देणे हा अखेर भाषेचाच व्यवहार आहे. म्हणून तो आपलाही विषय आहे.

१९८१ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या ईशान्य भागात एक गोमाशी पकडली गेली. तिच्या पोटावर दाट सोनेरी केस होते. पुढे तीस वर्षे ती संग्रहात बिननावाची पडून राहिली. २०११ मध्ये ब्रायन लेसार्ड या तरुण संशोधकाने तिचे वर्णन केले आणि १९८१ मध्येच जन्मलेल्या बियॉन्से या अमेरिकन गायिकेवरून तिचे नाव ठेवले. या नावाला लॅटिनमधील षष्ठीचा प्रत्यय आहे. संस्कृतच्या विद्यार्थ्यांना तो परका वाटू नये.

माशीला गायिकेचे नाव देणे हा थिल्लरपणा आहे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. मला खटकतात ती मधली तीस वर्षे! नाव सुचायला क्षण पुरतो. परंतु डोळे, शृंगिका, पंखांच्या शिरा, केसांचा रंग ताडून पाहून ‘ही जाती निराळी’ असे सिद्ध करणे, हे खरे कष्टाचे काम. गोमाशीच्या चार हजारांवर जाती आज नोंदलेल्या आहेत. एवढ्यांशी तुलना करणारी चिकाटीची माणसे हवीत, आणि त्यांना समाजाने पोसले पाहिजे.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न गोठ्यात जाऊन विचारावा. रक्त पिते ती मादी. नर फुलांतील मधावर जगतो. घोडे, उंट, गुरे यांना होणारा सर्रा रोग अशा माश्यांच्या दंशाने पसरतो. त्याचे जंतू ग्रिफिथ इव्हान्स यांना १८८० मध्ये पंजाबातच आढळले. कोणती जाती कोठे व केव्हा चावते, हे नावांवाचून नोंदणार कसे?

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्या वडिलांना लॅटिन येत नाही. पण कोणती माशी पाणथळीला, कोणत्या महिन्यात गुरांना सतावते, हे ते अचूक सांगतात. ते ज्ञान कोणत्याही वहीत नाही. ज्याची नोंद नाही, त्याची दखलही कोणी घेत नाही, हे आम्हां पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

म्हणून प्राध्यापकांना विनंती आहे, की मराठी व प्राणिशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन आसपासच्या शिवारांतील कीटकांची बोलीतील नावे आमच्याकडून गोळा करून घ्यावीत. शास्त्रीय नाव जगासाठी असू द्या. गावचे नावही त्याच्या शेजारी लिहिले जावे.