शंभर यार्डांच्या आतला वैद्य

आपल्या संघटनेच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत ‘युवक आणि समाजस्वास्थ्य’ हा विषय गेली कित्येक वर्षे नेमाने येत आहे. धन्वंतरीपूजन होते, दीपप्रज्वलन होते, जवळच्या शाळेतील मुलांची प्रभातफेरी निघते, त्यांच्या हाती आपण लिहून दिलेले फलक असतात. निबंधस्पर्धेची बक्षिसे वाटली जातात, अल्पोपाहार होतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात मान्यवरांचे छायाचित्र येते. या उपक्रमांत मीही अनेकदा मंचावर बसलो आहे; त्यामुळे पुढील विवेचन कोणा एकास उद्देशून नाही, त्याचा रोख प्रथम माझ्यावरच आहे. आपण तरुणांना आरोग्याचे श्रोते केले, फार तर घोषणा देणारे केले. परंतु आपल्या गावाच्या आरोग्याविषयी पाहणारे, विचारणारे आणि मागणी करणारे नागरिक म्हणून त्यांना उभे करण्याचे काम आपल्याकडून घडले नाही. ते घडावे असे वाटत असेल, तर त्यांच्या प्रश्नांना आपणही बांधील असल्याचे मान्य करावे लागेल. प्रस्तुत लेखाचा हाच विषय आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय, जनपदोद्ध्वंसनीय, आपणा सर्वांस परिचित आहे. भगवान आत्रेय गंगातीरी शिष्यांसमवेत संचार करीत असताना तो संवाद घडतो. प्रकृती, आहार, बल, सात्म्य, वय हे सर्व भिन्न असूनही एका जनपदातील माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने कशी पीडित होतात, हा त्या अध्यायाचा गाभ्याचा प्रश्न. तो विचारला अग्निवेशाने, म्हणजे शिष्याने. आत्रेयांनी त्याला गप्प बसविले नाही. वायू, उदक, देश आणि काल हे सर्वांना समान असलेले भाव बिघडले म्हणजे काय होते, हे त्यांनी विस्ताराने सांगितले. समाजस्वास्थ्याची आपली सर्वांत मोठी चर्चा अशा रीतीने एका विद्यार्थ्याच्या शंकेतून पुढे गेली आहे. आज आपल्या गावातील अग्निवेश कोणता प्रश्न विचारीत आहे, आणि आपण तो ऐकतो आहोत काय?

माझ्या अनुभवातील एक प्रसंग सांगतो. माझा दवाखाना तालुक्याच्या गावी, एका माध्यमिक शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. २०२४ सालच्या पावसाळ्यात आयुर्वेद महाविद्यालयाचे दोन आंतरवासीय विद्यार्थी माझ्याकडे येत असत. त्यांनी नववीच्या मुलामुलींना हाताशी धरून एक छोटे काम आरंभिले. विषय होता तंबाखू. व्याख्यान द्यायचे नाही, फक्त मोजायचे, असे त्यांनी ठरविले. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यान्वये शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस मनाई आहे. हे अंतर संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरील कडेपासून सरळ रेषेत मोजावयाचे असते. रस्त्याच्या वळणावळणाने नव्हे. मुलांनी ९१ मीटर लांबीचा दोर घेतला, शाळेच्या कुंपणापासून चारी दिशांना धरला आणि वहीत नकाशा काढला. पाच टपऱ्या त्या वर्तुळात आल्या.

नकाशा दाखविण्यास ती मुले माझ्याकडे आली तेव्हा मी कौतुकाचे दोन शब्द बोललो. त्यांतील एका मुलीने चौथ्या खुणेवर बोट ठेवून विचारले, “काका, ही टपरी तुमच्याच भिंतीला आहे ना? ती जागा कोणाची?”

जागा माझी होती. भाडे मी घेत होतो. आत बसून मी मुखरोगाच्या रुग्णास तंबाखू सोडण्याचा उपदेश करीत असे, आणि बाहेर पडताना तोच रुग्ण माझ्याच भिंतीच्या आधाराने उभ्या असलेल्या टपरीवरून पुडी घेत असे. पंधरा वर्षांत एकाही सहव्यवसायिकाने, एकाही रुग्णाने हे मला विचारले नव्हते. विचारण्यास चौदा वर्षांची मुलगी यावी लागली. सामाजिक आरोग्यात तरुणांचे स्थान काय, याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. आपण मोठी माणसे एकमेकांच्या सोयीने जगतो, म्हणून काही प्रश्न आपल्या तोंडी येतच नाहीत. मुलांवर अद्याप त्या सोयीचे ओझे नसते.

विषयाचे गांभीर्य आकड्यांतूनही दिसते. प्रौढांच्या तंबाखू सेवनाचे जे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले, त्यानुसार महाराष्ट्रात २००९-१० मध्ये ३१.४ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण २६.६ टक्क्यांवर आले. घट समाधानकारक आहे. परंतु याच दुसऱ्या सर्वेक्षणात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्या राज्याचा प्रश्न मुख्यतः मुखातला आहे: मळलेली तंबाखू, खर्रा, मावा आणि घरातील डब्यातली मशेरी. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कोठे मिळतो हे गावातील शाळकरी मुलास ठाऊक असते. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू घेत असल्याचे आढळले. याच वयाच्या मुलांना आपण निबंध लिहावयास सांगतो.

आता हे तरुण नेमके काय करू शकतात, याचा वयपरत्वे विचार करू.

शालेय विद्यार्थी मोजू शकतात, विचारू शकतात आणि घरात बोलू शकतात. अंतराचा नकाशा, विक्रीच्या ठिकाणी ‘१८ वर्षांखालील व्यक्तीस विक्री नाही’ हा फलक आहे की नाही याची नोंद, शाळेच्या प्रवेशद्वारावरील सूचनाफलकाची स्थिती, ही त्यांना सहज जमणारी कामे आहेत. घरातील मशेरीविषयी तर त्यांच्याइतके परिणामकारक दुसरे कोणी नाही. उपरोक्त मुलीची आजी रोज सकाळी तव्यावर भाजलेली मशेरी लावीत असे आणि तंबाखू आणण्यास नातीलाच धाडीत असे. “मी आता आणणार नाही,” एवढेच नातीने सांगितले. आजीची मशेरी सुटली, असे मी म्हणणार नाही. दोन वेळांची एक वेळ झाली आहे. परंतु त्या घरातील पुढच्या पिढीच्या हाती तो डबा जाण्याची वाट बंद झाली, हे लहान यश नव्हे.

महाविद्यालयीन तरुणांचे काम पुढचे आहे. १८ वर्षे पूर्ण करून मतदार झालेला तरुण ग्रामसभेचा सदस्य असतो; तेथे त्याला विषय मांडण्याचा अधिकार आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगावी आरोग्य, पोषण व स्वच्छता समित्या स्थापन झाल्या. त्यांच्यापुढे मुलांचा नकाशा लेखी अर्जासह ठेवता येतो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे आणि तिची सात दिवसांची निवासी शिबिरे खेड्यांत होतात. तेथे रस्ता झाडण्याबरोबर असे एक पाहणीचे काम घेतले आणि पुढील वर्षी त्याच गावात जाऊन पुन्हा मोजले, तर कामाला सातत्य येईल.

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांकडून आपली अपेक्षा याहून अधिक असावी. स्वस्थवृत्त हा विषय ते परीक्षेसाठी शिकतात. तो गावात उतरविणे त्यांना शक्य आहे. तोंड पूर्ण उघडल्यावर स्वतःची तीन बोटे उभी आत जातात की नाही, ही साधी चाचणी ते शंभर माणसांना शिकवू शकतात. ज्याचे तोंड उघडत नाही, ज्याच्या गालाच्या आत पांढरा वा लाल चट्टा आहे, ज्याचा व्रण दोन-तीन आठवड्यांत भरत नाही, त्यास विलंब न करता तपासणीसाठी पाठविण्याची शिस्त त्यांनी लावावी. अशा रुग्णास गंडूष-कवलावर महिनोन्महिने आपल्याकडेच ठेवून घेण्याची चूक आपल्यापैकी काहींकडून होते, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

तरुण प्रश्न विचारू लागले की ते आपल्या शास्त्राविषयीही विचारतील. त्यासाठी आपली सिद्धता असली पाहिजे. पहिला प्रश्न धूमपानाचा. ‘धूमपान तर तुमच्या ग्रंथातच आहे’ असे अनेक रुग्ण म्हणतात. चरकांच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायातील धूमवर्ती ही औषधी द्रव्यांची आहे. तंबाखू ही अमेरिका खंडातील वनस्पती पोर्तुगीजांच्या काळात या देशी आली. बृहत्त्रयीत ती असण्याचा संभवच नाही. हे उत्तर प्रत्येक विद्यार्थ्यास मुखोद्गत असावे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. त्याच अध्यायात मुखात धारण करावयाच्या द्रव्यांमध्ये पूग, म्हणजे सुपारी, आलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ मध्ये तंबाखूविरहित सुपारीसही मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. येथे ग्रंथवचनाची ढाल पुढे करणे योग्य होणार नाही. जेवणानंतर लवंग-कंकोलासह घेतलेला तांबूल आणि दिवसभर गालात धरलेली सुपारीची पुडी यांत भेद आहे हे खरे. पण आजचे ज्ञान समोर असता ‘शास्त्रात आहे’ एवढ्यावर सुपारीयुक्त मुखशुद्धी विकणे वैद्यास शोभत नाही. औषधी दुकानांच्या मालकांनी आपल्या काउंटरवरील बरण्या एकदा या दृष्टीने तपासाव्यात.

तिसरा प्रश्न आपल्या इतिहासाचा आहे. तंबाखूमिश्रित दंतमंजने आयुर्वेदाच्या नावाने या देशात विकली गेली. १९९२ मध्ये केंद्र सरकारने दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास मनाई केली. तीविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९७ मध्ये न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली. ही सुधारणा आपण स्वतः होऊन केली असती तर आज अभिमानाने सांगता आली असती. पुढच्या वेळी कायद्याची वाट न पाहता आपण आधी पाऊल उचलावे, एवढा बोध त्यातून घ्यावा.

या विचारास दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, मुलांनी अभ्यास करावा, हे उद्योग कशाला? माझा अनुभव असा की दोर धरून नकाशा काढणारी मुले भूमिती, नागरिकशास्त्र आणि शरीरशास्त्र एकाच दुपारी शिकली. दुसरा आक्षेप मात्र सबळ आहे. मुलांना विक्रेत्यांशी भांडावयास पाठविणे धोक्याचे आहे. ते मला पूर्ण मान्य आहे. मुलांनी टपरीवर जाऊन वाद घालू नये, परीक्षा पाहण्यासाठी पुडी विकत घेऊ नये, तक्रारीवर त्यांची नावे असू नयेत. कारवाई हे पोलिसांचे आणि अन्न व औषध प्रशासनाचे काम आहे, आणि अर्जावरील सही ही आपली, मोठ्यांची, जबाबदारी आहे. १०० यार्डांच्या नियमभंगास २०० रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७७ अन्वये बालकास तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे विक्रेत्यास शांतपणे समजावून सांगणे हेही आपलेच काम.

माझ्या भिंतीलगतच्या टपरीचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. टपरीवाला म्हणाला, “डॉक्टरसाहेब, तंबाखू काढली तर गिऱ्हाईक थांबायचंच बंद होईल. घर कशावर चालवू?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही असे ठरविले की तंबाखू, सिगारेट व सुपारी बंद. चहा, बिस्किटे, वह्या-पेने चालू. आणि भाडे निम्मे. त्याची मिळकत पहिल्या सहा महिन्यांत घटली, अजूनही पूर्ववत झालेली नाही. माझेही भाडे गेले. पाचांपैकी दोन टपऱ्या आजही तंबाखू विकतात, आणि त्यांविषयीचा आमचा अर्ज अद्याप निर्णयाविना आहे. संपूर्ण विजयाची कथा माझ्यापाशी नाही. परंतु आता रुग्णास उपदेश करताना माझी नजर खाली जात नाही.

शेवटी संघटनेपुढे एक सूचना. ३१ मे रोजी जागतिक तंबाखूविरोधी दिन येतो, तेव्हा आपल्या राज्यातील शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. राष्ट्रीय आयुर्वेद दिन २०१६ पासून धनत्रयोदशीस साजरा होत असे, तेव्हा दिवाळीची सुट्टी. २०२५ पासून हा दिन २३ सप्टेंबर या निश्चित तारखेस होऊ लागला आहे, म्हणजे ऐन सत्रात. ही संधी आहे. त्या दिवशी प्रत्येक तालुका शाखेने एका शाळेत व्याख्यानाऐवजी दोर आणि कोरा कागद घेऊन जावे. मुलांनी काढलेला नकाशा शाखेच्या सभेत मुलांनीच मांडावा, आणि शाखेच्या अध्यक्षांनी सहीनिशी तो योग्य त्या कार्यालयात सादर करावा. त्यापूर्वी प्रत्येक सभासदाने व औषधी दुकानदाराने आपली भिंत, आपला गाळा, आपला काउंटर त्या वर्तुळात कोठे येतो हे स्वतः मोजून पाहावे.

स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन आहे. रुग्णाची चिकित्सा त्यानंतर येते. त्या पहिल्या प्रयोजनासाठी आपल्याला सोबती हवे असतील, तर ते शाळेच्या कुंपणाच्या आत आहेत. ते विचारतील तेव्हा उत्तर देण्यास आपण समर्थ असावे, इतकीच नम्र विनंती.